खड्डे खणण्याआधी गवताचे बूड बघा

प्रति,
मा. संपादक,

विषय: खानदेशातली कुरणे, वृक्षलागवड आणि गवतातले पतंग

सप्रेम नमस्कार.

मृग तोंडावर आला की खानदेशात दोन कामांची घाई उडते. शेतकऱ्याची कापसाची आणि सरकारी यंत्रणेची खड्ड्यांची. झाडे लावण्याला आमचा विरोध नाही. अंजन, पळस, हिवर, बोर जिथे होते आणि तुटले, तिथे ते जरूर लावावेत. पण मुरमावरच्या वीतभर मातीत पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी अशी गवते पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत, तिथे दाट झाडी कधीच नव्हती. अशा माळाला कागदावर 'पडीक' म्हणायचे आणि चर-खड्डे काढून मोकळे व्हायचे, याबद्दल हे पत्र आहे. लळिंगच्या बाजूचा माळ घ्या, साक्री-शिंदखेड्याची बरड घ्या किंवा शिरपूरकडचा सातपुड्याचा पायथा घ्या, सगळीकडे हाच खाक्या आहे.

कुरणात काय असते, असे विचारले तर उत्तर मिळते, चारा. फार तर तितर आणि ससे. आम्ही लिहिणार आहोत ते पतंगाबद्दल. संक्रांतीच्या नव्हे, बोंडअळीचा शेवटी जो होतो त्या पतंगाबद्दल.

खानदेशच्या वाचकाला पतंगाचे जीवनचक्र शिकवायची गरज नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने ते घरोघरी शिकवले. अंडी, अळी, कोष, पतंग. डोमकळी, म्हणजे न उमललेले गुलाबकळीसारखे फूल, दिसली की आत अळी आहे. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगाला ओढणारे) लावायचे, सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले की हालचाल करायची. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभे ठेवलेले कापसाचे पीक, ठेवायची नाही, पऱ्हाटी वेळेत शेताबाहेर काढायची. हे इथल्या दहावी नापास मुलालाही पाठ आहे. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, अमेरिकन लष्करी अळी देशात शिरली आणि मक्याच्या पोंग्यात जाऊन बसली. तेव्हापासून अळी म्हटले की फवारा आणि पतंग म्हटला की कीड, हे समीकरण पक्के झाले. ते पिकातल्या पतंगापुरते बरोबर आहे. कुरणातल्या पतंगाला लावले की साफ चुकते, कारण दोघांची राहणी एकमेकांच्या उलट आहे.

यासाठी एका परदेशी पतंगाचे उदाहरण घेतो. तो आपल्याकडे नाही, त्याचे कूळही आपल्याकडे नाही. पण गवताला बांधलेल्या पतंगाचा संसार कसा चालतो, हे त्याच्याइतके नीट क्वचितच कुणावर पाहिले गेले आहे. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात, मेलबर्न-कॅनबेराच्या बाजूला, 'गोल्डन सन मॉथ' नावाचा पतंग आहे. शास्त्रीय नाव सिनेमॉन प्लाना. १८५४ साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. आपण त्याला सोनपतंग म्हणू.

सोनपतंग दिवसा उडतो. पंख पसरले की नर साधारण ३४ मिलिमीटर भरतो, मादी त्याहून थोडी लहान. मिशांची टोके फुलपाखरासारखी गाठदार असतात. नराचे मागचे पंख काशाच्या रंगाचे, मळकट तपकिरी. मादीचे मागचे पंख मात्र झळझळीत पिवळे-नारिंगी आणि त्यावर काळे ठिपके. गंमत अशी की एवढे देखणे पंख असून मादी धड उडत नाही. पंख अंगाच्या मानाने तोकडे आणि पोट अंड्यांनी जड. ती गवताच्या दोन ठोंबांमधल्या, म्हणजे एका बुडातून फुटलेल्या झुबक्यांमधल्या, उघड्या मातीवर बसते आणि वरून नर जाताना दिसला की पुढचे पंख बाजूला करून पिवळा रंग चमकवते. नर जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीवर भिरभिरत असतो. चमक दिसली की खाली उतरतो. हा सगळा कारभार ऑक्टोबर ते डिसेंबर-जानेवारीत चालतो. तिकडे तेव्हा वसंत आणि उन्हाळा. सकाळी दहाच्या सुमारास सुरू होतो आणि दुपारी दोन-तीनला संपतो. तोही आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि अंगाला ऊन लागते आहे असा दिवस असेल तरच. ढग आले की नर गवतात गायब.

या पतंगाला खायला तोंडच नाही. म्हणजे तोंडाच्या जागी अवयव आहेत, पण कामाचे नाहीत. अळी असताना साठवलेल्या चरबीवर दोन-चार दिवस काढायचे, तेवढ्यात जोडी जमवायची, अंडी घालायची आणि मरायचे. मादी पोटाच्या टोकाची नळी गवताच्या बुडाशी, फुटवा आणि माती यांच्या फटीत खुपसते आणि तिथे अंडी ठेवते. एक मादी शंभर ते दोनशे अंडी घालते. साधारण तीन आठवड्यांनी अळी बाहेर येते आणि सरळ जमिनीत उतरते. तिथे तिचे एकच काम, गवताची मुळे खाणे. गवतही कुठलेही चालत नाही. तिकडच्या वॉलबी गवतावर तिचा मुख्य भर असतो. हे ठोंब करून वाढणारे बारमाही गवत आहे, आपल्या पवन्या-मारवेलच्या धाटणीचे. अळी वाढली की उभे बीळ करत पृष्ठभागापर्यंत येते, तिथे कोष करते आणि साधारण सहा आठवड्यांनी पतंग बाहेर पडतो. रिकामा तपकिरी कोष बिळाच्या तोंडाशी अर्धा बाहेर आलेला, ओल्या मातीत काडी खोचावी तसा उभा राहतो. पतंग न दिसताही जागा ओळखायची ती या कोषावरून.

आता हिशेब मांडा. बोंडअळीची एक पिढी हंगामात साधारण महिन्याभरात उरकते. एका हंगामात चार-पाच पिढ्या सहज होतात, आणि वाऱ्यावर ती या शिवारातून त्या शिवारात जाते. सोनपतंगाची एक पिढी व्हायला किमान वर्ष लागते, आणि काही अळ्या दोन-तीन वर्षे जमिनीतच काढत असाव्यात असा अभ्यासकांचा कयास आहे. मादी उडत नाही आणि नर आपल्या गवतापासून शंभर मीटरहून लांब जात नाही. दोन कुरणांमध्ये दोनशे मीटरचे अंतर पडले तर ती दोन्ही एकमेकांना मेलीच असे धरतात. दोनशे मीटर म्हणजे आपल्याकडची केळीची दोन वावरे. एकदा नांगर फिरला आणि मुळे उलटी झाली की तिथली अळी संपली, आणि शेजारच्या माळावरून नवी मादी चालत येणार नाही.

हेच तिकडे झाले. तिथल्या मूळ समशीतोष्ण कुरणांपैकी एक टक्काही शिल्लक राहिले नाही. बाकीचे गहू, मेंढ्या आणि शहरांखाली गेले. सोनपतंगाला 'अतिसंकटग्रस्त' यादीत टाकावे लागले. त्यानंतर जी गोष्ट घडली ती आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. कायद्याने शोध घेणे भाग पडले, म्हणून लोक भर दुपारी रेषा आखून चालू लागले. पद्धत ठरलेली आहे. सकाळी दहाला तापमान वीस अंशांच्या वर, वारा मंद, पाऊस होऊन निदान दोन दिवस झालेले, आणि एकाच जागी हंगामात अनेक फेऱ्या, कारण एका फेरीत पतंग दिसला नाही म्हणजे तिथे नाही असे होत नाही. असे चालल्यावर कुणाच्या ध्यानीमनी नसलेल्या जागी तो सापडला. रस्त्याच्या कडेला, जुन्या दफनभूमीत, शहराच्या मोकळ्या पट्ट्यांत. २०२१ साली त्याचा दर्जा 'अतिसंकटग्रस्त'वरून 'असुरक्षित' असा दोन पायऱ्या खाली आणला गेला. पतंग वाढले म्हणून नव्हे, शोधले म्हणून.

त्यातही एक तिढा निघाला. दक्षिण अमेरिकेतून आलेले 'चिली नीडल ग्रास' हे तिकडचे कुप्रसिद्ध तण. ते उपटून काढायची मोहीम जोरात होती, आणि लक्षात आले की काही ठिकाणी सोनपतंगाची अळी त्याच तणाच्या मुळांवर जगते आहे. सरसकट तण काढले असते तर पतंगही गेला असता. म्हणून तुकड्या-तुकड्याने, आधी देशी गवत आणून मग तण काढायचे, असे धोरण आले. कुरणाच्या कामात घाई करणाऱ्याला कुरण असे तोंडघशी पाडते.

"ऑस्ट्रेलियाचे ठीक आहे हो, आपल्याकडे कुठे आहे असले काही?" हा प्रश्न आम्हाला नेहमी ऐकू येतो. खानदेशात तरी हा प्रश्न कुणी विचारू नये. रानपिंगळा हे घुबड १८८४ नंतर कुणाला खात्रीने सापडले नव्हते. नामशेष झाले असे जवळजवळ धरले होते. ते ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, पुन्हा दिसले ते शहाद्याजवळ. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार वेगळा व्हायचा होता. त्याचे जुने नमुने गोळा करणाऱ्यांत जेम्स डेव्हिडसन हे इंग्रज अधिकारी होते. खानदेशात नोकरी केलेले हे गृहस्थ पुढे कारवारला फुलपाखरांच्या अळ्या पाळून त्यांचे अन्न, रंग आणि कोष यांच्या नोंदी करत बसले. त्या नोंदींवाचून आजही कुणाचे काम पुढे सरकत नाही. वीतभर घुबड शतकभर नजरेतून सुटू शकते, तर नखाएवढ्या पतंगाचे काय.

आपल्या कुरणात गवताच्या बुडाशी बसणारे पतंग ओळखायला सोपे आहेत. सप्टेंबरमध्ये सकाळी माळावरून चाला. दर पावलाला पांढुरके-पिवळसर, बोटाच्या पेराहून लहान किडे उडून दोन-तीन हातांवर पुन्हा बसतात. बसताना पंख अंगाभोवती गुंडाळून काडीला चिकटतात, बहुधा डोके खाली करून. जवळ जाऊन बघितले तरी वाळका कोंब वाटावा. हे गवत्या पतंग. त्यांच्या अळ्या बुडाशी रेशमी नळ्या विणतात, दिवसा त्यात लपतात आणि रात्री बाहेर येऊन पात खातात. दुसरे म्हणजे काडीचे घर करून फिरणारे, बाभळीवर आणि गवतावर लोंबणाऱ्या काड्यांच्या पिशव्या ज्यांच्या असतात ते. यांच्यातल्या बऱ्याच जातींत मादीला पंखच नसतात. ती पिशवीतच जन्म काढते आणि पिशवीतच अंडी घालते. सोनपतंगासारखीच ही जागेला जखडलेली.

तिसरा मात्र दिसायला लपूनछपून राहणारा नाही. पांढऱ्या पुढच्या पंखांवर तांबडे आणि काळे ठिपके, कुंकू आणि काजळ शिंपडल्यासारखे. शास्त्रीय नाव युटेथाइसा. दिवसाही उडतो. त्याची अळी काळसर, केसाळ, अंगावर पांढऱ्या रेघा आणि नारिंगी पट्टे. ती खुळखुळा आणि भुरुंडी या वनस्पती खाते. हिरवळीच्या खताला ताग पेरणाऱ्यांनी ती तागाच्या शेंगा पोखरताना पाहिली असेल. या वनस्पतींत कडू विष असते. अळी ते पचवून अंगात साठवते, पतंग झाल्यावरही ते राहते. म्हणून तो लपत नाही. ठिपके म्हणजे पाटी आहे, खाऊ नका अशी. याच्या अमेरिकेतल्या भाऊबंदावर झालेल्या कामात असे दिसले की जाळ्यात सापडलेला हा पतंग कोळी स्वतःहून धागे कापून सोडून देतो. नर जोडी जमताना आपल्याकडचे विष मादीला देतो आणि ती ते अंड्यांत उतरवते, म्हणजे हुंड्यात विष आणि ते बाळाच्या रक्षणाला. हा पतंग दुर्मीळ नाही. पण कुरणात खुळखुळा नसेल तर तोही नाही. गवतासोबतची ही 'बिनकामाची' झुडपे काढून माळ स्वच्छ करणारे काय काढतात, ते यावरून कळावे.

आता खड्ड्यांचे गणित, कारण 'चार खड्ड्यांनी काय होते' असे म्हणणारे पुष्कळ आहेत. तीन बाय तीन मीटरवर लागवड केली तर हेक्टरी १,१११ खड्डे. खड्डा ४५ सेंटिमीटर लांब, रुंद, खोल. नुसत्या खड्ड्यांनी जमीन मोडते ती सव्वादोन टक्के. एवढे खरोखरच थोडे आहे, हे आम्ही मान्य करतो. पण खड्ड्यांतून निघते सुमारे शंभर घनमीटर माती-मुरूम, आणि ती उन्हाळाभर शेजारच्या ठोंबांवर पडून राहते. पावसाच्या तोंडावर माती खड्ड्यात परत गेली तरी खालचा ठोंब कुजलेला असतो. मग रोपाभोवती मीटरभर व्यासाचे आळे खुरपून स्वच्छ ठेवायचे, म्हणजे जवळजवळ नऊ टक्के. आणि उतारावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एका पातळीत खणलेले चर, असतील तर खरा घाव तिथे बसतो. साठ सेंटिमीटर रुंद चर दर पाच मीटरवर काढला की बारा टक्के जमीन चरात गेली. खालच्या अंगाला तेवढाच रुंद बांध घातला की आणखी बारा. चतुर्थांश कुरण पहिल्याच वर्षी मोडले, अजून झाडाची सावली पडायची आहे. पवन्या, मारवेल, डोंगरी या सगळ्यांना भर ऊन लागते. गिरिपुष्प किंवा सुबाभूळ तीन मीटरवर लावली तर काही वर्षांत फांद्या एकमेकींना भिडतात आणि खाली उरतो तो तरोटा, गाजरगवत आणि घाणेरी. पतंग मरतो तो असा, हळूहळू, आणि कुणाच्या नजरेला न येता.

चर काढूच नयेत असेही नाही. जिथे बारमाही गवत आधीच गेले आहे, माती वाहून मुरूम उघडा पडला आहे, तिथे चर हवेतच. चांगल्या गवताने झाकलेला उतार मात्र स्वतःच पाणी मुरवतो. ठोंबांची मुळे हेच तिथले चर.

गवत चांगले की वाईट हे ठरवायचे कसे? नवरात्र ते दिवाळी या काळात, तुरे आलेले असताना जा. चार काड्या बांधून एक मीटर बाय एक मीटरची चौकट करा. जमिनीच्या एका गटात किमान वीस ठिकाणी ती टाका. जागा आधी ठरवा, नाही तर हात आपोआप हिरव्या जागेकडे वळतो. प्रत्येक चौकटीत बारमाही ठोंब किती आणि त्यांनी किती जमीन झाकली आहे, ते लिहा. बारमाही ओळखायला सोपे: मुठीत धरून ओढा. हंगामी गवत मुळासकट हातात येते. बारमाही येत नाही, आणि त्याच्या बुडाशी गेल्या वर्षीच्या काळपट खुंट्या दिसतात. सरासरी एक-तृतीयांश जमीन बारमाही देशी गवताने झाकली असेल तर तिथे कुदळ लावू नये, असा आमचा ठोकताळा आहे. ठोंबांच्या मधली उघडी माती बघून हे कुरण विरळ झाले आहे, असे अनुमान काढायची चूक बरेच जण करतात. ती मोकळी जागा कुरणाचा भाग आहे. तिकडे सोनपतंगाची मादी बसते ती अशाच जागी, आपल्याकडे खुळखुळा उगवतो तोही तिथेच.

चराई पूर्ण बंद करून कुरण वाचते, ही दुसरी चुकीची समजूत. कुंपण घालून चार-पाच वर्षे जनावर आत सोडले नाही की वाळके गवत थरावर थर साचते, नवे फुटवे गुदमरतात, उघडी माती दिसेनाशी होते. सोनपतंगाच्या चांगल्या जागाही बहुतेक हलक्या चराईच्या किंवा कापणीच्या निघाल्या. ठेलारी मेंढपाळ कळप फिरवत नेतात तसे थोडे दिवस चारून पुढे जाणे कुरणाला मानवते. एकाच कळपाने पोळ्यापासून आखाजीपर्यंत एकाच माळावर बसणे मानवत नाही. गवत कापताना विळा जमिनीला घासू नये. बुडापासून चार-पाच बोटे ठेवून कापावे, आणि एक-तृतीयांश तुकडा दर वर्षी आलटून-पालटून न कापता सोडावा. त्या वाळक्या काड्यांवर पुढच्या पिढीची अंडी आणि कोष उन्हाळा काढतात. कुसळ धरायच्या आत कापले तर चाऱ्याचा कस राहतो पण बी पडत नाही, म्हणून तोही तुकडा दर वर्षी बदलता ठेवावा.

वणव्याचे म्हणाल तर, गवताची आग झपाट्याने पुढे सरकते आणि तिची धग जमिनीत थोडीच उतरते. मुळाशी असलेली अळी बहुधा वाचते. काडीवरची अंडी, नळीतली अळी, लोंबणारी पिशवी हे सगळे जळते. सगळा माळ एका दुपारी पेटवला तर परत यायला कुणी उरत नाही. फाल्गुन-चैत्रात लावलेली आग सगळ्यात वाईट, कारण ठोंब तेव्हा सुकलेला असतो आणि पावसाला तीन महिने असतात; उघडी पडलेली माती वळवाच्या पहिल्या सरीत वाहून जाते. जाळपट्टा, म्हणजे वणवा अडवायला आधीच जाळून ठेवलेली पट्टी, काढायचा तर तो माळाच्या कडेने काढावा, मधून नको.

वेडी बाभूळ कुरणातून काढावी, याबद्दल दुमत नाही. फक्त जेसीबीने उपटू नये. एका बुंध्यापायी दोन-तीन मीटर व्यासाचे गवत उलटे होते आणि त्या मोडलेल्या मातीत तिचेच बी आधी उगवते. नुसते वरून तोडले तरी ती दसपट फुटते. बुंध्याभोवती वीत-दीड वीत खणून मुळाचा गड्डा कुऱ्हाडीने तोडून काढावा, खड्ड्यात माती दाबावी आणि वर शेजारच्या माळावरचे मारवेलचे दोन-तीन ठोंब लावावेत. मोठा उघडा तुकडा असेल तर पन्नास बाय पन्नास सेंटिमीटरवर ठोंब लावायचे म्हटले तरी हेक्टरी चाळीस हजार लागतात. मोडलेले कुरण परत जोडायला किती हात लागतात, याची कल्पना त्यावरून यावी.

पतंगांची नोंद करायला फार खर्च येत नाही. जुलै ते सप्टेंबर, अमावास्येच्या आसपासची रात्र, वारा पडलेला, दिवसा एखादी सर येऊन गेलेली. दोन बांबूंमध्ये पांढरी सुती चादर ताणा. तिचे खालचे टोक जमिनीवर हातभर पसरू द्या, कारण बरेच गवत्या पतंग वर न बसता खालीच बसतात. समोर दिवा लावा, बॅटरीवरचा अतिनील (यूव्ही) किरणांचा मिळाला तर उत्तम. साडेसात ते साडेदहा हा वेळ बस होतो. दिव्याकडे थेट बघू नका आणि कानात कापसाचे बोळे घाला. भुंगेरा कानात शिरला की पुढची रात्र दवाखान्यात जाते. शेजारी पट्टी धरून वरून आणि बाजूने असे दोन फोटो घ्या. मारायची, टाचण्या टोचायची गरज नाही. अळी सापडली तर कशावर सापडली ती वनस्पती आधी टिपा. अळीचे नाव नंतरही लागते, वनस्पती विसरली की गेली. काचेच्या बरणीत अळी पाळायची तर रोज ताजे पान आणि तळाशी कोरडा कागद हवा. झाकणाला फडके बांधा, नाही तर घाम धरून बुरशी येते. कोषातून पतंगाऐवजी बारीक गांधीलमाशी निघाली तर निराश होऊ नका, ती नोंदही तेवढीच मोलाची. दिवा रात्रभर चालू ठेवू नका. पहाटे कोतवाल पक्षी येतो आणि चादरीवरची सगळी पंगत एकटा उठवतो. निघताना चादर गवतात हलकेच झटकावी. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर पतंग सप्ताह असतो. खानदेशच्या शाळा-महाविद्यालयांनी तो निदान एका कुरणात करावा.

या नोंदी फोनमध्येच पडून राहू नयेत. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि नोंदवही ठेवायची आहे. तिच्यात पक्षी-प्राण्यांची पाने भरलेली असतात, गवत आणि कीटकांची पाने बहुधा कोरी. ती भरा: गट क्रमांक, तारीख, गवताची टक्केवारी, फोटो.

शेवटी, जागा निश्चित करणाऱ्यांना विनंती. लागवडीचा आराखडा उन्हाळ्यात ठरतो, तेव्हा माळ करडा आणि मेलेला दिसतो. त्या दिवसांत पाहून कुठल्याही कुरणाला ओसाड ठरवता येईल. पाहणी आधीच्या दिवाळीत झालेली असावी. एकोणिसाव्या शतकात पिंपळनेरच्या बाजूला रोशा गवताच्या तेलाच्या भट्ट्या चालत आणि ते तेल परदेशी जाई. तो माळ तेव्हा कुणी पडीक म्हटला नसता. आणि गावकऱ्यांनी ग्रामसभेत लागवडीचा ठराव येईल तेव्हा त्या गटाचा सातबारा मागावा. त्यावर 'गुरचरण' लिहिले असेल तर ती जमीन पडीक कधी आणि कुणाच्या पाहणीने झाली, हे विचारून उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.

आपले,
कुरणे आणि कीटक यांची नोंद ठेवणारे काही वाचक
धुळे-नंदुरबार